खुंटी, दावं आणि एक वेलांटी

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या माऊसची वायर उंदरानं कुरतडली. यावरचा विनोद प्रत्येक सभासदानं मला स्वतःचा म्हणून ऐकवून झालाय, तेव्हा तो मी इथं करत नाही. मी सेक्रेटरी. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लावायची, म्हणजे आज रात्रीच, आणि हाताशी फक्त कीबोर्ड.

१९८४ साली ॲपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक आला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच नव्हती. लोकांनी झक मारत माऊस वापरावा म्हणून. आमच्या उंदरानं त्याचा सूड घेतला, तो नेमका माझ्यावर.

शेजारी अध्यक्ष नाना खुर्ची ओढून बसलेले. "सेक्रेटरी, तो पाचवा मुद्दा उचला आणि चौथ्याच्या वर टाका."

पाचवा मुद्दा 'लिफ्ट दुरुस्ती'. शिफ्ट धरून बाण दाबला की अक्षरं निळी होत जातात, इथवर मला येतं. झाली. फक्त सुरुवातीचं 'लि' सुटलं आणि 'फ्ट दुरुस्ती' निळं झालं. आता ते 'लि' घ्यायचं कसं? तर घेता येत नाही! तुम्ही सुरुवात करता तिथं खुंटी ठोकली जाते आणि कर्सर म्हणजे दाव्याला बांधलेली गाय. ती पुढं जाईल, मागं येईल, खुंटीला वळसा घालून पलीकडेही चरेल, पण खुंटी जागची हलायची नाही. मी शिफ्टसकट डावा बाण दाबत राहिलो. गाय चरलेलं सगळं ओकत खुंटीपर्यंत परत आली, 'लि' खाल्लं आणि तशीच वरच्या चौथ्या मुद्द्यात शिरली.

"हिशेब कशाला निळे करताय?" नाना दचकून म्हणाले.

"मी नाही करत, नाना."

शिफ्ट सोडली. आता नुसता बाण दाबला तर कर्सरनं जावं कुठं? उजवा दाबला तर निळ्याच्या शेवटाला, डावा दाबला तर सुरुवातीला. बहुतेक ठिकाणी असंच होतं आणि मला ते मान्य आहे. पण वरचा बाण? समजा चार ओळी निळ्या आहेत आणि कर्सर चौथीच्या शेपटाशी आहे. मग वर म्हणजे पहिलीच्या वर की चौथीच्या? माझी नजर जिथं आहे तिथून, म्हणजे हलत्या टोकापासून मोजावं, असं माझं स्पष्ट मत. प्रत्येक प्रोग्रामचं मत निराळं असतं आणि तो ते चर्चेला न ठेवता थेट अंमलात आणतो. नानांसारखं.

भाच्याला फोन लावला. "मामा, वर्डमध्ये एफ-आठ दाब ना. शिफ्ट धरायलाच नको." खरंच की! एकदा दाबलं की खुंटी, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद. मी खात्रीसाठी पाचव्यांदा दाबलं. अख्खी नोटीस निळी. एस्केप दाबलं तर तो निळं करत सुटायचा मोड सुटला, निळं तसंच राहिलं. तेवढ्यात नानांनी "हे काय झालं?" म्हणून कीबोर्डवर बोट टेकवलं. नोटीस गेली. कोऱ्या पानावर एकटा 'ट'.

कट-कॉपी-पेस्ट ही चाल घडवणाऱ्या लॅरी टेस्लरना असल्या मोडांचा, म्हणजे तेच बटण कधी एक तर कधी भलतंच करण्याचा, इतका राग होता, की गाडीची नंबरप्लेटच त्यांनी 'नोमोड्स' अशी घेतली होती. मला त्या क्षणी ते सख्ख्या भावासारखे वाटले. कंट्रोल-झेडनं नोटीस परत आली, पण नानांचा माझ्यावरचा विश्वास काही आला नाही.

त्यात आपली लिपी. यंत्राच्या हिशेबात 'स्त्री'चे सहा तुकडे. बाण तिला एका प्रोग्रामात एका उडीत ओलांडतो, दुसऱ्यात तीन उड्या लागतात आणि मधे कर्सर अक्षराच्या पोटात उभा राहतो. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडनं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांचे जगभरचे नियम ठरवणाऱ्यांनी, २०२३ साली केला, ती बातमी आमच्या ऑफिसातल्या संगणकापर्यंत पोचायची आहे. बॅकस्पेसचं तर आणखी वेगळं. तो बोरं वेचल्यासारखा एकेक तुकडा खुडतो, आधी वेलांटी.

साडेदहाला लिफ्ट एकदाची चौथ्या जागी बसली. पण एक्स आणि सी शेजारी शेजारी. मी कट करायच्या ऐवजी कॉपी केली होती, त्यामुळे जुनी लिफ्ट सहाव्या क्रमांकावर तशीच. ती ओळ निळी केली, बोट घसरून उजव्या बाणाला लागलं, निळं पुसलं गेलं, आणि ते न बघता मी बॅकस्पेस एकदाच दाबून प्रिंट दिली.

सकाळी चौथ्या मजल्यावरच्या आजी जिने उतरून, धापा टाकत नोटीस बोर्डापाशी उभ्या होत्या. चष्मा सारखा करून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "चार, लिफ्ट दुरुस्ती. पाच, हिशेबास मंजुरी. सहा, लिफ्ट दुरुस्त." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे हिशेब मंजूर केल्याशिवाय ती चालू करणार नाही म्हणा की!"