‘शाळा सोडून निवडणूक कशाला?’ : एका पालकांना उत्तर

नमस्कार. ‘एक पालक’ या नावानं तुमची प्रतिक्रिया आली. पुणे शिक्षक मतदारसंघातून, म्हणजे शिक्षकांनी निवडून द्यायच्या विधान परिषदेच्या जागेवरून, उभ्या राहू पाहणाऱ्या आमच्या शाळेतल्या बाईंना मी मागच्या लेखात पाठिंबा दिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘शिक्षकानं फळा सांभाळावा. हा मतदारसंघ म्हणजे पैठण्या आणि पाकिटं. तुमच्या बाई आमदार झाल्या की तशाच होतील, आणि तोवर पोरांचं दहावीचं वर्ष बुडेल.’

पैठण्यांचं खोटं नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, मतदानाला आठवडा उरला असताना, एक माणूस आमच्या स्टाफरूममध्ये कापडी पिशव्या ठेवून गेला. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी टाचलेली, तिच्यावर नाव आणि मतदारयादीतला क्रमांक. माझी पैठणी मोरपंखी होती. आम्ही दोघी-तिघींनी पिशव्या परत केल्या, बाकीच्या टेबलाखाली सरकल्या. मी कुणाला एक शब्द बोलले नाही. पुढचा तास नववीचा होता आणि पोरांकडे बघवेना. ते न बोलणं मला आजही लागतं.

पण यावरून ‘शिक्षकांनी उभं राहू नये’ हे कसं निघतं? इथं मत द्यायला शिक्षक असावं लागतं, मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेला. उभं राहायला मात्र शिक्षक असण्याची अट नाही. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असं नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७२ चा आहे, आणि तोच न्याय इथंही लागतो. म्हणजे आम्ही घरी बसलो तर जागा रिकामी राहत नाही. संस्थाचालक उभा राहतो, नाहीतर पक्षाला कुठंतरी सोय लावायची असलेला माणूस. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी शिक्षकांच्या वाट्याला फक्त सात आहेत हो.

आणि त्या सात जागांवर काय ठरतं ते सांगते. २००१ मध्ये शासनानं नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळणाऱ्या शाळा, म्हणून मान्यता द्यायचं धोरण आणलं. त्यातला ‘कायम’ हा एक शब्द निघायला २००९ उजाडलं. शब्द निघाला तरी पगार आला नाही; अनुदानाचा २० टक्क्यांचा पहिला टप्पा मिळेपर्यंत २०१६ आलं. आमच्याकडे विनाअनुदानित तुकडीवर एक सर होते. मराठी असं शिकवायचे की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहायची. संध्याकाळी ते एका किराणा दुकानात वह्या लिहीत. आमच्याच विद्यार्थ्यांचे वडील त्यांना ‘अहो, साखर लिहा दोन किलो’ म्हणायचे. मान खाली घालून सर लिहायचे. असा एक शब्द जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, आला की त्याखाली किती घरं दबतात, हे ज्याच्या स्टाफरूममध्ये असे सर बसतात त्याला आधी कळतं. म्हणून मला सभागृहात बाई हव्या आहेत.

‘तशाच होतील’ या शब्दांनी मात्र मी दुखावले. ग. प्र. प्रधान फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवत होते. पुण्याच्या पदवीधरांनी त्यांना अठरा वर्षं विधान परिषदेत ठेवलं, ते तिथं विरोधी पक्षनेते झाले. अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख १९८० पासून तीस वर्षं तिथं होते आणि विदर्भाच्या विकासातल्या अनुशेषाचे, मागे राहिलेल्या कामांचे, आकडे सरकारपुढं मांडत राहिले. दोघंही पदवीधर मतदारसंघातले, हे मान्य. पण दोघंही वर्गातून गेलेले, आणि ‘तसले’ झाले नाहीत.

तुमचा एक आक्षेप मला पूर्ण पटतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला या निवडणुकीत मत नाही. चौथीपर्यंत पाया घालणारा माणूस शिक्षक म्हणून मोजलाच जात नाही, हे चूक आहे, आणि बाईंच्या पत्रकात हा मुद्दा पहिला असावा असं मी त्यांना सांगितलंय. यादीचंही तसंच. दर निवडणुकीला ती नव्यानं होते, १९ नंबरचा फॉर्म पुन्हा भरायचा आणि त्याला संस्थाप्रमुखाचा दाखला जोडायचा. दाखला देणाऱ्याच्या मनात नसेल तर नाव गळतं. मागच्या वेळी, २०२० मध्ये, मला ओळखणाऱ्या दोन शिक्षकांची नावं अशीच गळली.

राहता राहिलं पोरांचं वर्ष. ती काळजी रास्त आहे, मलाही होती. बाई प्रचारासाठी बिनपगारी रजा घेणार आहेत. त्यांच्या दहावी ‘ब’ची भूमिती राहिलीय, वर्तुळाचं प्रकरण आणि पुढचं. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, सोमवारपासून सकाळी साडेसातचा जादा तास मी घेणार आहे. तुमचं मूल त्या वर्गात असेल तर कंपास पाठवा, बरीच पोरं आणत नाहीत.