पर्सियस पोसायडनचा मुलगा नव्हता, तो मेसेज पुढे पाठवू नका

मुलांच्या वाचनाच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की ग्रीक पुराणातला पर्सियस हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा होता आणि पेगासस या पंखवाल्या घोड्यावर बसून त्याने केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसा या राक्षसीला मारलं. हे चुकीचं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही खरं वाटलेलं आणि मी तो पुढे पाठवला, म्हणून आज मुद्दाम लिहितेय.

पोसायडनचा मुलगा आहे तो पर्सी जॅक्सन, म्हणजे रिक रायर्डनच्या २००५ साली आलेल्या कादंबरीतला आजच्या काळातला मुलगा. त्याचं नाव पर्सियसवरून ठेवलंय आणि तिथेच सगळा घोळ होतो.

अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रीक कथासंग्रहात पर्सियस हा देवांचा राजा झ्यूस आणि राजकन्या डॅने यांचा मुलगा आहे. नातू आपल्याला मारणार या भाकिताला घाबरून आजोबा अक्रिसियस डॅनेला आणि तान्ह्या पर्सियसला पेटीत घालून समुद्रात सोडतो, ती पेटी वाहत सेरिफॉस बेटाला लागते आणि तिथला डिक्टिस नावाचा कोळी त्या बाळाला वाढवतो. इतका सुंदर प्रसंग, आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि पेगासस? तो तर मेडुसाचं डोकं उडवल्यावर तिच्यातून जन्मला, मग आधी त्यावर बसणार कसं? पर्सियस उडत गेला तो पंखांच्या चपला घालून. पोसायडन बाप आहे तो पेगाससचा.

कादंबरी मुलांना जरूर द्या, मस्त आहे. फक्त तो मेसेज थांबवा, आणि आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका प्लीज.