ई-इनव्हॉइसचे सॉफ्टवेअर घेऊ इच्छिणाऱ्या मालकांस काही नम्र सूचना

कारखान्याची उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेल्याबद्दल सर्वप्रथम आपले अभिनंदन. आता आपल्याला ई-इनव्हॉइस, म्हणजे दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून तिथला नंबर आणि कोड त्यावर छापणे, लागू झाले आहे आणि त्यासाठी एखादे भारी सॉफ्टवेअर घ्यावे असे आपल्या मनात आले आहे. भोसरीतल्या एका लहानशा मशीन शॉपचे हिशेब मी सांभाळते. अशी खरेदी कशी होते ते मी जवळून पाहिले आहे आणि तिची फळे गेल्याच आठवड्यात रात्री उशिरापर्यंत ऑफिसात बसून चाखली आहेत. त्या अधिकारात या सूचना आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, नियम अचानक आला असे भेटेल त्याला सांगत राहावे. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या कंपन्यांपासून याची सुरुवात झाली, मग १००, ५०, २०, १० अशा पायऱ्या उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ही मर्यादा ५ कोटींवर आली; या जवळपास तीन वर्षांत आपल्याला कोणी काही कळवलेच नाही. सीएने मेल पाठवले असतील, पण मेल उघडायचे असतात असा काही कायदा नाही. यंदा मंदी आहे, उलाढाल पुन्हा ५ कोटींच्या खाली गेली की आपण सुटलो, असेही खुशाल समजावे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात मर्यादा ओलांडली असली तरी नियम लागू होतो, आणि उलाढाल पॅनवर मोजतात, म्हणजे निरनिराळ्या राज्यांतले आपले सगळे जीएसटी नंबर त्यात एकत्र धरले जातात. पण या किरकोळ बाबी आहेत. त्या लक्षात ठेवायला आपल्याकडे पगारी माणसे आहेतच.

सॉफ्टवेअर निवडताना बिल बनवणाऱ्या माणसाला मुळीच विचारू नये.

त्याऐवजी विक्रेत्याने हॉटेलात ठेवलेल्या डेमोला जावे. तिथे जेवण उत्तम असते आणि डेमो त्याहून उत्तम असतो. पडद्यावर एक काल्पनिक कंपनी दुसऱ्या काल्पनिक कंपनीला एकच वस्तू, एकाच दराने, पुण्यातून पुण्यातच विकते, बटण दाबताच ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे पोर्टलने त्या बिलाला दिलेला नंबर, येतो, क्यूआर कोड उमटतो आणि सभागृहात समाधानाची लहर पसरते. आपल्याकडे मात्र कास्टिंग ग्राहकाचे असते आणि आपण फक्त मशिनिंग करतो, बिल एका पत्त्यावर लागते आणि माल दुसऱ्या पत्त्यावर उतरतो, टूलिंगचे पैसे वेगळे लावायचे असतात, भाडे कधी आपले तर कधी त्यांचे असते, आणि परचेस ऑर्डरच्या एका दशांश चिन्हावरून दोन्हीकडच्या अकाउंट विभागांत पंधरा दिवस पत्रव्यवहार चालतो. असले प्रश्न डेमोत विचारून रंगाचा बेरंग करू नये. विक्रेता प्रत्येक प्रश्नाला ‘होऊन जाईल’ असे म्हणतोच. तेवढे उत्तर पुरेसे मानावे आणि स्वीट डिशकडे वळावे.

पार्टी मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली ग्राहकांच्या नावापत्त्यांची यादी, तपासण्यात वेळ घालवू नये. होसूरच्या ग्राहकापुढे चाकणचा ४१०५०१ हा पिन कोड पडला असेल, तर बिल परत येऊन ते आपल्याला कळेलच.

बिलाची मालिका ठरवण्याचे कामही विक्रेत्यावर सोपवावे. कंपनीचे नाव, शाखा, विभाग, आर्थिक वर्ष आणि अनुक्रमांक, मध्ये भरपूर तिरप्या रेघा, असा भारदस्त नंबर तो तयार करून देतो. जीएसटीत बिलाचा नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, हे पहिले बिल नाकारले जाईपर्यंत त्यालाही ठाऊक नसते.

आता किमतीविषयी. आयआरएन देण्यासाठी सरकारी पोर्टल एक पैसाही घेत नाही. बिल तयार करून छापण्यासाठी एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने एक्सेलवर चालणारे मोफत साधनही दिले आहे. दिवसाकाठी पाचसहा बिले काढणाऱ्या कारखान्याचे काम त्यावर भागू शकते. पण फुकटच्या वस्तूला प्रतिष्ठा नसते. म्हणून सॉफ्टवेअरची किंमत वेगळी, ते बसवून देण्याची वेगळी, शिकवण्याची वेगळी, वार्षिक देखभालीची वेगळी असे आकडे जिथे असतील तेच कोटेशन पसंत करावे. हिशेबातल्या बदलांची नोंद आपोआप राहण्याची सोय, जी प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच असावी लागते, ती ‘खास आपल्यासाठी’ म्हणून दाखवली तर तिचेही पैसे द्यावेत. या सगळ्यावर क्रेडिट नावाची एक वस्तू असते, तिच्याकडे विशेष लक्ष देऊ नये.

ही क्रेडिटे म्हणजे काय ते सांगते. आपले बिल सॉफ्टवेअरमधून पोर्टलपर्यंत नेण्याचे आणि तिथला नंबर परत आणण्याचे हे भाडे आहे. एका बिलाला एक क्रेडिट, असे विकताना सांगतात. नाकारलेल्या बिलालाही एक क्रेडिट जाते, ई-वे बिलाला, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी काढायच्या कागदाला, जाते, रद्द करायला जाते, हे सांगत नाहीत. मास्टरमधले पिन कोड कोणी तपासलेले नसल्यामुळे आमची बिले सुरुवातीला भराभर नाकारली गेली आणि वर्षभर पुरणार म्हणून घेतलेली क्रेडिटे गेल्या गुरुवारी संध्याकाळी संपली. टेम्पो भरून उभा होता. चाकणच्या ग्राहकाला रात्रपाळीसाठी माल हवा होता आणि त्यांचे इनवर्ड, म्हणजे माल उतरवून घेण्याचे काम, नऊला बंद होते. पडद्यावर लाल पट्टी आली की क्रेडिट शिल्लक नाही, विक्री प्रतिनिधीशी संपर्क साधा. मदत केंद्राला फोन केला, तर हा विषय सपोर्टचा नसून सेल्सचा आहे, तरीही आपण तक्रारीचे तिकीट टाकू शकता, असे उत्तर मिळाले. विक्री प्रतिनिधीचा फोन बंद होता, कारण सहा वाजून गेले होते. डेमोच्या आदल्या रात्री हाच मनुष्य साडेदहाला ‘मॅडम, उद्या येताय ना?’ म्हणून विचारत होता.

मग सरकारी पोर्टलवरूनच बिल काढायचे ठरवले. तिथे १ एप्रिल २०२५ पासून सर्वांनाच पासवर्डखेरीज ओटीपी लागतो, आणि आमचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल मालकांच्या खिशात, मालक भाच्याच्या साखरपुड्याला साताऱ्यात, आणि तिथे बँड वाजत होता. मालक ओरडून आकडे सांगत होते, मी ओरडून परत विचारत होते, आणि आकडे जुळेपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपत होती. ड्रायव्हर दारात उभा राहून ‘मॅडम, निघू का?’ असे विचारत होता. त्याला तरी काय सांगणार? क्यूआर कोड नसलेला कागद घेऊन गेला तर वाटेत गाडी अडू शकते, आणि अडली नाही तरी ग्राहकाच्या गेटवरचा माणूस बारकोड मशीन लावून पाहतो आणि गाडी वळवतो. ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याने ते न काढता दिलेले बिल नियमाप्रमाणे बिलच नव्हे. दंड दहा हजार रुपये किंवा कराची रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते. अखेर ओटीपी जुळला आणि पुढे काही मिनिटांत आयआरएन आला, ई-वे बिल निघाले, टेम्पो गेला.

मला वाटले, प्रकरण मिटले. दुसऱ्या दिवशी मालकांनी क्रेडिटे भरली आणि सॉफ्टवेअरने आदल्या दिवशीचे अडकलेले बिल कोणालाही न विचारता पुन्हा पोर्टलकडे पाठवले. आयआरएन हा माल विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो, त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा गेले की २१५० हा एरर कोड येतो, म्हणजे हा आयआरएन आधीच दिलेला आहे. पोर्टलने बरोबरच सांगितले. सॉफ्टवेअरने मात्र आधीचा आयआरएन आणून बिलाला जोडण्याऐवजी ते बिल ‘अपूर्ण’ म्हणून ठेवून दिले. तिकिटाला उत्तर आले की बिल रद्द करून नव्याने काढा. ते रद्द होते २४ तासांच्या आत, आणि चालू ई-वे बिल त्यावर असेल तर तेवढ्या वेळातही होत नाही. उत्तर येईतो २४ तास उलटले होते आणि माल ग्राहकाच्या मशीनवर चढला होता. मग दुसरे उत्तर आले की क्रेडिट नोट काढा. म्हणजे ग्राहकाने घेतलेला, इनवर्ड केलेला, वापरून संपवलेला माल आम्ही कागदोपत्री परत घ्यायचा, पुन्हा विकायचा, आणि त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्यांच्या खरेदीबिलांच्या सरकारी यादीत, एका मालाची तीन कागदपत्रे उमटवायची. का, तर तुमच्या सॉफ्टवेअरला स्वतःबाहेरून आलेला एक नंबर वाचता येत नाही! आज तो माल चाकणमध्ये गाड्यांत बसवला गेला आहे आणि आमच्या स्टॉकमध्येही तो पूर्णच्या पूर्ण शिल्लक दिसतो आहे.

सूचनांचे राहून गेले. उलाढाल १० कोटी किंवा त्याहून अधिक असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांनी ते पोर्टलवर चढतच नाही, तेव्हा ग्राहकाच्या आग्रहाखातर जुन्या तारखेची बिले लावण्याची आपली परंपरा चालू ठेवावी आणि चढले नाही की अकाउंटंटला झापावे.

जुने सॉफ्टवेअर त्याच दिवशी बंद करावे. महिनाभर दोन्ही चालवू नयेत.

झापण्यावरून आठवले. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे आपल्या विक्रीचे विवरणपत्र, जाते, १४ ला ग्राहकाचे २बी तयार होते, आणि त्यात आपले बिल दिसले नाही की १५ ला ग्राहकाच्या अकाउंट विभागाचा पहिला फोन मालकांना जात नाही, मला येतो. कराचे क्रेडिट, म्हणजे बिलावरच्या कराची वजावट, मिळाले नाही म्हणून पैसे थांबवल्याचे ते मला सांगतात. मालकांना मी सांगते. मालक म्हणतात, ‘एवढे महागाचे सॉफ्टवेअर घेऊन दिले, तरी तुमच्याच्याने होत नाही?’

मालकहो, सीएनसी मशीन घेताना आपण असे वागता काय? तेव्हा ऑपरेटरला बरोबर नेता, आपलेच मटेरियल लावून आपलाच जॉब काढून बघता, मायक्रॉनमध्ये माप घेता, सर्व्हिसचा माणूस पुण्यात राहतो की बंगळुरूहून येतो ते विचारता आणि मगच ॲडव्हान्स देता. आणि ज्याच्यावाचून त्या मशीनवरचा एक नगही गेटबाहेर पडू शकत नाही, ते सॉफ्टवेअर आपण जेवणाच्या ताटावर ठरवता. यात सरकारला शिव्या देण्यात अर्थ नाही. नियमाचे म्हणणे एवढेच आहे की बिल पाठवा, नंबर घ्या, कोड छापा. नियम जाचक आहेच, छोट्यांना तो जास्त जाचतो, हेही खरे. पण गुरुवारी रात्री टेम्पो नियमामुळे उभा नव्हता. ज्याने बिल कधी बनवले नाही त्याने ते सॉफ्टवेअर विकले आणि ज्याने बिल कधी बनवले नाही त्याने ते घेतले, म्हणून उभा होता.

आणि विक्रेत्यांनो, तुम्हाला लाज वाटली पाहिजे. नाकारलेल्या बिलाचे पैसे कसले घेता? आम्ही सोडून जातो म्हटल्यावर आमचाच डेटा एक्सेलमध्ये द्यायला वेगळे पैसे कसले मागता? कारखाने रात्री चालतात हे ठाऊक असताना सहाला फोन बंद करता, मग देखभालीचे पैसे कोणत्या देखभालीचे घेता?

ज्यांनी अजून चेक लिहिलेला नाही त्यांनी गेल्या महिन्यातली आपली सर्वांत त्रासदायक चारपाच बिले, जॉबवर्कचे, दोन पत्त्यांचे, भाड्याचे, डेबिट नोटचे, विक्रेत्याच्या हाती द्यावीत आणि आपल्या अकाउंटंटसमोर त्यांचा निकाल लावून घ्यावा. क्रेडिट कशाकशाला जाते, बाहेरून काढलेला आयआरएन सॉफ्टवेअर ओळखते का, सोडताना डेटा कोणत्या रूपात मिळेल आणि रात्री आठला फोन कोण उचलेल, ही चार उत्तरे ऑर्डरवर लिहून घ्यावीत. ज्यांनी चेक लिहून टाकला आहे त्यांनी निदान पोर्टलवर आपल्या अकाउंटंटच्या नावाने, तिचा मोबाइल नंबर देऊन, सब-युझर तयार करावा, म्हणजे ओटीपी तिच्याकडे येईल. या कामाला दहा मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत, आणि ते मालकाच्या लॉगिनवरूनच होते. आमच्याकडे ते अजून झालेले नाही.