‘दुबईला जमतं, मग आपल्याला का नाही?’

अर्थसंकल्पाचे दिवस आले की घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न हटकून येतो. दुबईत पगारावर दमडीचा कर नाही, फक्त ५ टक्के व्हॅट, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा खर्चावरचा कर. मग भारतानेही इन्कम टॅक्स काढून टाकावा आणि जीएसटीवर भागवावं!

मुळात अमिराती (यूएई, दुबई ज्यात येते तो देश) व्हॅटवर चालतच नाही. व्हॅट आला १ जानेवारी २०१८ ला; पगारावर कर त्याच्या आधीही नव्हता. सरकार चालतं तेलावर, सरकारी कंपन्यांवर आणि फीवर. वर्षाला ६०,००० दिरहम भाड्याचं घर घ्या, भाड्याच्या ५ टक्के, म्हणजे महिन्याला २५० दिरहम हाउसिंग फी वीज-पाण्याच्या बिलात लागून येते. शाळेची फी खिशातून. तांदूळ-डाळीवरही ५ टक्के व्हॅट, मग घेणारा मजुरांच्या लेबर कॅम्पातला असो की मरिनाच्या श्रीमंत वस्तीतला. बदल्यात परदेशी माणसाच्या म्हातारपणाचा भार सरकारवर नाही. नोकरी गेली की ठराविक मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. पाहुण्यांचा संसार असा स्वस्तात चालवता येतो. कोल्हापूर किंवा नांदेडच्या माणसाला कुठे पाठवणार?

आता घरचं गणित. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारकडे येणाऱ्या रुपयात इन्कम टॅक्सचे २२ पैसे होते, जीएसटी वगैरेचे १८. ते २२ पैसे जीएसटीतूनच काढायचे तर १८ चे ४० करावे लागतील. १८ टक्क्यांच्या दरात केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ असतात. त्याच प्रमाणात केंद्राचे ९ वाढून २० होतील, राज्याचे ९ तसेच. दर झाला २९ टक्के. याच हिशेबाने ५ टक्क्यांचा दर जातो ८ वर. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकत नाही.

वर्षाला ३० लाख पगार असणाऱ्याचा नव्या करप्रणालीत सेससकट ४,७५,८०० रुपये कर वाचेल. त्याने १० लाख १८ टक्केवाल्या गोष्टींवर उडवले तरी जादा जीएसटी १ लाख १० हजार. उरलेले साडेतीन लाखांच्या वर म्युच्युअल फंडात, तिथे खर्चावरचा कर पोचतच नाही. महिना २० हजारांत घर चालवणाऱ्याला आजही इन्कम टॅक्स शून्यच, त्यामुळे वाचणार काहीच नाही. महिन्याला १२ हजारांचा ५ टक्केवाला माल घेतला तर ३६० रुपये जादा मात्र त्याच्या माथी.

आणि २९ टक्क्यांवर गळती कुठून होते, हे टाइल्सच्या दुकानात उभं राहिलं की कळतं. जीएसटीत प्रत्येक व्यापारी आधीच्याकडून पक्कं बिल मागतो, कारण त्यावर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या करातून वजा होतो. साखळी तुटते ती शेवटच्या टोकाला, कारण घर बांधणाऱ्याला क्रेडिट नाही. “बिल हवंय का? मग जीएसटी पडेल,” हे वाक्य १८ टक्क्यांवरही ऐकू येतं. लाखाच्या मालावर २९ हजार वाचणार असतील तर बिल मागणारा विरळाच. शिवाय माल खरेदी करतानाच बिलाशिवाय घेतलेला असेल, तर दुकानदाराची अख्खी विक्री वहीबाहेर जाते.

पगारदाराची चीड मात्र खरी आहे. त्याचा टीडीएस पैसे हातात पडायच्या आधीच कापला जातो आणि शेजारचा धंदेवाला निम्मं उत्पन्न दाखवून मोकळा होतो. पण त्यासाठी धंदेवाल्याचं उत्पन्न पकडायला हवं. इन्कम टॅक्सच काढला तर त्याला कायमची माफी मिळते.

उदाहरण आखाताचंच द्यायचं, तर पुरतं द्यावं. सौदीने तेलाचे भाव पडल्यावर जुलै २०२० मध्ये व्हॅट ५ वरून एकदम १५ टक्क्यांवर नेला, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखाच. अमिरातीने २०२३ मध्ये कंपन्यांच्या ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कर सुरू केला. आणि ओमानने, तोही तेलवालाच, जानेवारी २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के इन्कम टॅक्स जाहीर केलाय.