खुलासा : विमानावरचा मुशीचा जबडा

परवा मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या ट्रॉलरचा फोटो मीच टाकला होता. नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मुशीचा (शार्क माशाचा) दातेरी जबडा रंगवलेला. खाली लिहिलं, 'हे चित्र जगात पहिल्यांदा अमेरिकन फ्लाइंग टायगर्सनी विमानांवर काढलं.' ते चुकीचं आहे, आणि आता चार ग्रुपांत फिरतंय.

फ्लाइंग टायगर्स म्हणजे दुसऱ्या महायुद्धात चीनच्या बाजूने लढलेले अमेरिकन स्वयंसेवक वैमानिक. ते 1941 मध्ये ब्रह्मदेशात होते. त्यांनी ही कल्पना उचलली ती एका नियतकालिकातल्या फोटोवरून. त्यात ब्रिटिश हवाई दलाच्या 112 स्क्वाड्रनची (तुकडीची) उत्तर आफ्रिकेतली, जबडे रंगवलेली पी-40 लढाऊ विमानं होती. त्यांच्याही आधी जर्मनांच्या मेसरश्मिट 110 विमानांवर जबडे होते. पहिल्या महायुद्धातल्या काही जर्मन विमानांनाही तोंड-डोळे काढलेले त्या काळच्या फोटोंत दिसतात. त्या फोटोंच्या तारखा लावून पाहिल्या तेव्हा माझी चूक लक्षात आली.

मात्र जबडा गाजला तो टायगर्समुळेच. टायगर्सही पी-40 च उडवत. तिच्या नाकावरच्या पंख्याखाली रेडिएटरचं मोठं भोक असतं, त्यामुळे तोंड आयतंच उघडं दिसतं. (नाव वाघाचं, तोंड मुशीचं!)

जुनी पोस्ट मी काढली आहे. कुणाकडे आली असेल तर कृपया पुढे पाठवू नका. ट्रॉलरचा फोटो मात्र खुशाल ठेवा, रंगाऱ्याचा हात झकास आहे.