स्तंभाचा अभिमान आहे, भात्याचा धूर तेवढा नको

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आला. दिल्लीचा लोहस्तंभ, १६०० वर्षं गंज नाही, 'शास्त्रज्ञही चक्रावले'. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. दुपारी त्याच ग्रुपवर: 'गेटजवळ पाल टाकलेल्या घिसाड्यांना वॉचमनने उठवलं, थँक्स.' त्यालाही तेवढेच अंगठे. घिसाडी म्हणजे पाल टाकत गावोगाव फिरणारे लोहार.

डोकंच फिरलं.

कोण चक्रावलंय हो? आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यमांनी कधीच उलगडून ठेवलंय. चुना न घालता कोळशावर काढलेल्या लोखंडात फॉस्फरस राहिला, त्यातून अंगावर पातळ थर धरला आणि गंज अडला. ६ टनांहून जड स्तंभ, लोखंडाचे गोळे तापवून एकमेकांत ठोकून केलेला. त्यावर राजाची कीर्ती कोरलीय. घण घालणाऱ्याचं नाव कुठंय?

लहानपणी आजोबांबरोबर विळा घेऊन पालावर जायचो. पोरगं भाता ओढायचं, नवरा सांडशीत फाळ धरायचा आणि घण घालायची ती बाई. आजोबा म्हणायचे, "पाणी नीट दे गं बाई." ती वर न बघता म्हणायची, "रंग येऊ द्या बाबा, मग देते."

पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करणं. आणि रंग! लोखंड किती तापलंय ते मोजायला दुसरं काही नव्हतंच. आपल्याच विदर्भात, नायकुंडला, इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासची लोखंड गाळायची भट्टी सापडलीय. तिथंही कुणीतरी असंच जाळाकडे बघत बसलं असणार. दक्षिणेत लोखंड आणि लाकूड-पाला मुशीत घालून, तोंड लिंपून, तापवून पोलाद करायचे. त्याच्या वड्या जहाजांतून पश्चिमेला जायच्या. तलवारीचं नाव सीरियातल्या दमास्कसचं, वडी इथली! पुढे मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला गेले, फॅरडेसारखा शास्त्रज्ञ त्यामागे लागला. आणि आम्ही? वॉचमन पाठवतो.

धूर होतो, मान्य. दुपारची झोपही मोडते. बरं.

आणि मी तरी कोण मोठा? सुरी ऑनलाइन मागवतो, बोथट झाली की फेकतो. त्या बाईचं नावसुद्धा कधी विचारलं नाही. आजोबांनीही नाही.

संध्याकाळी खाली जाऊन आलो. राख आणि चार कोळसे. वॉचमन म्हणाला, "हायवेकडं गेले साहेब."

आजोबांचा विळा माळ्यावर आहे, पार गंजलेला. रविवारी काढतो. तिकडे कुणाला पाल दिसलं तर कळवा.