वाकडचा फ्लॅट आणि मिसिसागातला हिशेब

गेल्या रविवारी पुण्याहून दादाचा फोन आला. वाकडला नव्या प्रकल्पात टू बीएचके, 95 लाख. "25 लाख तू घाल, बाकीचं कर्ज मी काढतो. अगं, पुण्यात जागेचा भाव कधी पडलाय का?" घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काका, मामा सगळे त्याच्याच बाजूने. बँकेत पैसे कुजवण्यापेक्षा जागा बरी, हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आलंय.

मी 11 वर्षं टोरोंटोजवळ मिसिसागात राहते. 2021 साली इथेही घराघरात हेच बोललं जायचं. बँक ऑफ कॅनडाचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर तेव्हा 0.25 टक्के होता. आमच्या ओळखीच्या, मूळच्या सांगलीच्या एका कुटुंबाने पाया खणण्याआधीच एक काँडो, म्हणजे फ्लॅट, 7 लाख 20 हजार डॉलरला बुक केला. 20 टक्के हप्त्याहप्त्याने भरले. ताबा मिळायच्या आत विकून नफा घ्यायचा, असा बेत होता. पण जुलै 2023 पर्यंत दर 5 टक्क्यांवर गेला आणि गिऱ्हाईकच उरलं नाही. ताब्याच्या वेळी बँकेने किंमत धरली 5 लाख 90 हजार आणि तिच्या 80 टक्केच कर्ज दिलं. 1 लाख 4 हजार डॉलर कमी पडले. राहतं घर गहाण टाकून त्यांनी ते भरले. ती वहिनी आमच्या स्वयंपाकघरात बसून हा हिशेब सांगत होती, तेव्हा तिचा हात थरथरत होता.

पुणे म्हणजे टोरोंटो नव्हे, हे दादाचं म्हणणं खरं आहे. तिकडे महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण, आल्यापासून गिऱ्हाइकांच्या पैशांतले 70 टक्के बिल्डरला त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. हा फार मोठा आधार आहे. पण भाव पडला नाही म्हणजे फायदा झाला, असं नाही. गेल्या दशकात पुण्यात कितीतरी फ्लॅट वर्षानुवर्षं त्याच भावात अडकले होते आणि महागाई तेवढ्यात पुढे निघून गेली. तो तोटा दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

वाकडला भाडं येईल 25 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख, जेमतेम 3 टक्के. त्यातून मेंटेनन्स आणि मिळकतकर जाणार. 70 लाखांच्या कर्जाचा 8 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साडेअठ्ठावन्न हजार. दर महिन्याला 33 हजारांवर दादाच्या खिशातून, तेही ताबा वेळेवर मिळाला तर. शिवाय जीएसटी 5 टक्के, मुद्रांक शुल्क 7 टक्के. व्याजदर वाढला की तिकडे बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, त्यामुळे चटका लगेच बसत नाही. दादाचं वय 51 आहे. 20 वर्षांचं कर्ज फेडायला तो 71 वर्षांचा होईल, मुदत लांबली तर त्याहून जास्त; मला त्याची काळजी वाटते ती यामुळे.

माझ्यासाठी आणखी एक गाठ आहे. घर विकताना मालक अनिवासी, म्हणजे माझ्यासारखा परदेशात राहणारा, असला की घेणाऱ्याला 1 टक्का टीडीएस (किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापून चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो. म्हणून कित्येक गिऱ्हाइकं मागे फिरतात.

मी दादाला स्पष्ट सांगितलं, भाव वाढेल या भरवशावर मी एक रुपयाही घालणार नाही. भाड्यावर तग धरणारी जागा असेल तर घालेन, आणि ती तुझ्या एकट्याच्या नावावर. तो दोन दिवस बोलला नाही. काल त्याने वारज्यातल्या 12 वर्षं जुन्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, पाठवला. किंमत 62 लाख, भाडेकरू आहे, भाडं 21 हजार. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आहे. सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, ते तो उद्या सेक्रेटरींना विचारणार आहे.